आप्पांची पायातली शीर आणि १२० मेशचा फिल्टर

आमच्या घरात २०१० पासून एक वाक्य ठरलेलं होतं, "आप्पांचं बायपास झालंय, आता काय टेन्शन नाही." पाहुणे आले की आई सांगायची, शेजाऱ्यांनी विचारलं की भाऊ सांगायचा, आणि आप्पा स्वतः तर पायजमा वर करून घोट्यापासून वर गेलेला व्रण दाखवायचे, इथली शीर काढून हृदयाला लावलीय म्हणून, जसं काही जुन्या ट्रॅक्टरचा पार्ट नव्याला बसवलाय. त्या शिरेलाही म्हातारपण येतं, तीही बुजते, आणि बुजली की ती मोकळी करणं हे साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा फार कटकटीचं काम असतं, हे आम्हाला बारा वर्षांनी कळालं.

जानेवारी २०२२. आमचं गाव निफाड तालुक्यात, द्राक्षाचा पट्टा. तिकडे जानेवारीत थंडी अशी पडते की मण्यांना तडे जातात, मग लोक रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ड्रिप सोडतात. त्यात शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची. आप्पा पहाटे साडेतीनला मोटर चालू करायला गेले, स्टार्टर दाबला आणि परत येताना जबड्यापासून डाव्या खांद्यापर्यंत कोणीतरी दोर ओढल्यासारखं झालं म्हणे. घरी येऊन कोणाला न उठवता इनो घेतलं. २०१० ला पण हेच केलं होतं, तेच इनो, तीच खाट. आई उठली तर अंगातली बंडी घामाने ओली, त्या थंडीत. मग तिने भावाला हाका मारल्या.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गुठळी वाढू नये म्हणून एक डिस्प्रिन आणि चार क्लोपी चावायला दिल्या आणि "बायपासचा पेशंट आहे, इथे वेळ घालवू नका" म्हणून थेट नाशिकला पाठवलं. मी नाशिकलाच असते, त्यामुळे मी आधी पोचले आणि गाडी नंतर आली. ओमिक्रॉनचे दिवस, त्यामुळे आधी नाकात काडी आणि मग स्ट्रेचर. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. कार्डिओलॉजिस्टने आल्या आल्या विचारलं, "बायपासची फाइल कुठंय?"

फाइल गावाला. लोखंडी पेटीत, सातबारे आणि सोसायटीच्या पावत्यांच्या खाली, आणि पेटीची किल्ली आप्पांच्या करदोड्याला. शेवटी चुलतभावाने कुलूप तोडलं आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. तेव्हा मला राग आला होता की माणूस तळमळतोय आणि यांना बारा वर्षांपूर्वीचे कागद पाहिजेत, पण नंतर कारण समजलं. मूळ धमन्यांची तोंडं सगळ्यांना साधारण एकाच जागी असतात, पण बायपासच्या शिरा सर्जनने महाधमनीवर कुठे जोडल्यात, किती जोडल्यात, हे प्रत्येकाचं वेगळं. नकाशा नसेल तर नळी घेऊन अंधारात भिंत चाचपडायची आणि दरवेळी डाय (एक्स-रेत रक्ताची वाट दिसावी म्हणून सोडतात ते औषध) सोडून बघायचं. डाय किडनीला त्रास देतो, आणि आप्पांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकलीय ते सांगणारा आकडा, आधीच दीडच्या वर होतं. फोटोत सर्जनच्या तिरक्या अक्षरात तीन ओळी होत्या, लिमा टू एलएडी, एसव्हीजी टू ओएम, एसव्हीजी टू पीडीए. म्हणजे छातीतली एक धमनी पुढच्या मुख्य नळीला, आणि पायातल्या शिरेचे दोन तुकडे, एक डावीकडे मागच्या बाजूला आणि एक उजवीकडे खाली. या तीन ओळींमुळे डॉक्टर पाच-सात मिनिटात तिन्हींपर्यंत पोचले.

अँजिओ डाव्या मनगटातून केली (छातीतली ती धमनी डाव्या हाताच्याच रक्तवाहिनीतून फुटते म्हणून), आणि झाल्यावर मला काचेमागच्या खोलीत बोलावून स्क्रीन दाखवली. छातीचं हाड जोडायला घातलेल्या तारा आधी दिसतात, एकाखाली एक, मला तर द्राक्षाच्या मांडवाच्या ताराच आठवल्या. छातीतली धमनी एकदम सुतासारखी सरळ, स्वच्छ. डावीकडची शीर थोडी खडबडीत, पण चालू. आणि उजवीकडची. जाडजूड शीर, मूळ धमनीपेक्षा रुंद, आणि मधोमध डाय अडकून विस्कटत होता, पाटात पाचोळा अडकल्यावर पाणी कसं त्याच्या कडाकडाने वाट काढतं तसा. तो पाचोळा म्हणजे गुठळी. पलीकडे रक्त जात होतं, पण धापा टाकत.

मला वाटलं आता लगेच स्टेंट टाकतील. टाकला नाही. दोन दिवस हेपरिनवर, म्हणजे गुठळी वाढू न देणाऱ्या इंजेक्शनवर, ठेवू म्हणाले, रक्त थोडं तरी जातंय आणि दुखणं थांबलंय, तर घाईने आत शिरलं तर गुठळी पुढे ढकलली जाईल. ते दोन दिवस आयसीयूत आप्पा आणि डॉक्टर यांच्यात जे बोलणं झालं ते खरंतर मला लिहून ठेवायचंय, कारण आप्पा चौथी नापास आहेत पण २००४ पासून त्यांनी ड्रिप चालवलंय, आणि हृदयाची भानगड त्यांना माझ्या आधी समजली.

डॉक्टर म्हणाले, "आप्पा, पायातली शीर ही कमी प्रेशरची नळी. तिथे रक्त हळूहळू वर चढतं, प्रेशर नावाला. ती काढून हृदयाच्या मेन लाइनला जोडली की तिला दिवसरात्र १२० चं प्रेशर."

आप्पा म्हणाले, "म्हणजे चार केजीचा पाइप दहा केजीच्या मोटरला."

"बरोबर. आणि शिरेत व्हॉल्व्ह असतात, रक्त खाली येऊ नये म्हणून, त्यामुळे ती उलटी करून जोडतात."

"एनआरव्ही असतात व्हय त्यात?" एनआरव्ही म्हणजे पाइपमध्ये पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. आप्पांना याचं इतकं कौतुक वाटलं की दुसऱ्या दिवशी नर्सलाही सांगत होते, माझ्या पायात एनआरव्ही आहेत.

मग मी रात्री बाहेर बसून मोबाइलवर वाचत बसले. पायातली शीर वापरून बायपास करण्याची पद्धत ज्यांच्यामुळे जगभर रुळली ते रेने फावालोरो, अर्जेंटिनाचे, १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये त्यांनी हे काम सुरू केलं. त्याआधी बारा वर्षं ते अर्जेंटिनातल्या एका आडगावात साधे खेड्यातले डॉक्टर होते, हे वाचून आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तरीच. शेतकऱ्याचंच डोकं हाय ते, हितलं काढून तिथं लावायचं." शीर लांब मिळते, काढायला सोपी, एकाच पायातून दोन-तीन तुकडे होतात, म्हणून आजही बहुतेक बायपासमध्ये ती असतेच. पण हिशोब असा की पहिल्या वर्षातच शंभरातल्या दहा-पंधरा शिरा बुजतात आणि दहा वर्षांनी निम्म्याच्या आसपास बंद तरी असतात किंवा खराब तरी. छातीतल्या धमनीचं मात्र दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांच्या घरात चालू असण्याचं प्रमाण. मूळचीच धमनी, तिला प्रेशरची सवय.

बुजण्याची कारणं पण वयाप्रमाणे बदलतात. पहिल्या महिन्यात बुजली तर शक्यतो सरळ गुठळीच असते, जोड नीट बसला नाही, शीर कुठे पिळली गेली, किंवा पुढची धमनीच बारीक. पहिल्या वर्षात आतलं अस्तर जाड होत जातं, प्रेशर सोसायला शीर स्वतःच भिंत वाढवते आणि त्यात आतली जागा कमी होते. आणि काही वर्षांनी त्या अस्तरात चरबी साठते. ही चरबी मूळ धमनीतल्यासारखी कडक झाकणाखाली बसलेली नसते, भुसभुशीत असते, झाकण पातळ किंवा नसतंच, जरा धक्का लागला की फुटते आणि त्यावर गुठळी चढते. अथेरोमा हा शब्दच मुळात ग्रीक लापशीवरून आलाय म्हणे. तर आप्पांची शीर म्हणजे बारा वर्षांची लापशी आणि त्यावर ताजी गुठळी.

"मग ॲसिड मारून होत नाही का?" आप्पांचा प्रश्न.

ज्यांच्याकडे ड्रिप आहे त्यांना कळेल. बोअरच्या पाण्याने क्षार साठून लॅटरल, म्हणजे झाडांजवळून जाणाऱ्या बारीक नळ्या, चोकअप होतात, मग व्हेंचुरीतून (पाण्यात औषध ओढून घेणारा जोड) ॲसिड सोडायचं, चोवीस तास लाइन बंद ठेवायची, दुसऱ्या दिवशी एंडकॅप, म्हणजे नळीच्या टोकाचं बूच, काढून फ्लश करायचं. डॉक्टर हसले नाहीत, उलट खुर्ची ओढून बसले. म्हणाले, अगदी हेच करून बघितलंय लोकांनी. १९९० च्या दशकात बंद शिरेच्या तोंडाशी बारीक नळी ठेवून तिच्यातून रात्रभर थेंब थेंब युरोकायनेज सोडायचे, गुठळी विरघळवायचं औषध. काही शिरा उघडायच्या. पण तितके तास असं औषध चालू ठेवलं की दुसरीकडे कुठेतरी रक्तस्राव, मेंदूत झाला तर संपलंच, शिवाय सैल झालेले तुकडे पुढे जाऊन अटॅक, आणि एवढं करून उघडलेल्या शिरा बऱ्याचशा काही महिन्यांत परत बंद. कारण गुठळी विरघळली तरी खालची लापशी तिथेच. हातातल्या सलाइनमधून देतात ते स्ट्रेप्टोकायनेज वगैरे तर शिरेतल्या गुठळीवर आणखीच कमी चालतं, गुठळी लांबलचक, प्रवाह जवळपास थांबलेला, औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं. आप्पा म्हणाले, "पाणीच फिरत नसलं तर ॲसिड पुढं जातच नाही." बास, विषय संपला.

दुसरा मार्ग ओढून काढण्याचा. एक पोकळ नळी गुठळीपर्यंत न्यायची आणि मागून मोठ्या सिरिंजने ओढायचं. सलाइनचा जोरदार फवारा मारून गुठळी फोडत फोडत ओढणारं मशीनही असतं, आमच्या इथे नव्हतं. डॉक्टरांनी हेही सांगितलं की साध्या हार्ट अटॅकमध्ये मूळ धमनीतून सरसकट असं ओढून काही फायदा होत नाही हे २०१५ च्या टोटल नावाच्या दहा हजारांवर पेशंटच्या ट्रायलमध्ये दिसलं, वर पॅरालिसिसचं प्रमाण थोडं वाढलेलं, त्यामुळे आता कोणी उठसूट करत नाही, पण शिरेत एवढा माल दिसत असेल तर आधी जमेल तेवढा काढून मग पुढे जायचं हा त्यांचा स्वतःचा विचार. असं सरळ बोलणारा डॉक्टर मिळणं हे नशीब, नाहीतर आपल्याकडे "बघू, करू, देवावर भरवसा ठेवा".

आणि तिसरी गोष्ट फिल्टर, आप्पांची आवडती. शिरेत फुगा फुगवला, स्टेंट टाकला की ती लापशी दाबली जाते आणि तिचे कण पुढे वाहत जातात. पुढे केसासारख्या बारीक नळ्या. तिथे कण अडकले की मधली लाइन मोकळी दिसते पण हृदयाच्या स्नायूला रक्तच पोचत नाही, याला नो-रिफ्लो म्हणतात. म्हणजे सबमेन (बारीक नळ्यांना पाणी देणारा मोठा पाइप) मोकळी आणि ड्रिपर सगळे सुके. आमच्याकडे एकदा नवीन गड्याने एंडकॅप न काढताच जोरात पाणी सोडून लाइन साफ करायला घेतली होती, सगळी घाण पुढे जाऊन शेवटच्या तीस-चाळीस झाडांचे ड्रिपर गेले, ती गोष्ट आप्पांनी डॉक्टरांना पूर्ण ऐकवली. हृदयाला एंडकॅप नसते हीच पंचाईत. म्हणून तारेच्या टोकाला छत्रीसारखी बारीक जाळी असलेला फिल्टर आधी गुठळीच्या पुढे नेऊन उघडायचा, मग अलीकडे स्टेंटचं काम करायचं, आणि शेवटी छत्री मिटून कचऱ्यासकट बाहेर. २००२ साली सेफर नावाची ट्रायल आली होती, ८०१ पेशंटची, त्यात जाळी नव्हती, पुढे फुगा फुगवून रस्ता तात्पुरता अडवायचा आणि साठलेला गाळ ओढून घ्यायचा अशी युक्ती होती, आणि तीस दिवसांतले मोठे धोके साडेसोळा टक्क्यांवरून साडेनऊच्या जवळ आले. त्यानंतरच्या वर्षी जाळीवाला फिल्टरही त्याच्या तोडीचा निघाला. हल्ली सगळेच डॉक्टर तो वापरतात असं नाही, पण आमच्यांनी वापरायचं ठरवलं.

"भोकं केवढी असतात जाळीला?" आप्पा.

डॉक्टरांनी फोनवर बघून सांगितलं, एका कंपनीच्या जाळीची ११० मायक्रॉन.

"आपला १२० मेशचा स्क्रीन फिल्टर १३० मायक्रॉनचा. म्हंजे त्याच्याहून जरा बारीकच की." (मेश म्हणजे जाळीच्या एका इंचात किती भोकं तो आकडा.) आणि मग माझ्याकडे बघून, "ताई, सही कर, माणूस बरोबर हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी घेतलं. मी बाहेर, पण आप्पा जागे होते, आणि त्यांनी सांगितलेलं डॉक्टरांशी ताडून बघितलं तर तंतोतंत निघालं. आधी सिरिंजने ओढलं. ओढलेलं रक्त एका बारीक गाळणीतून गाळतात, काय आलं ते बघायला. नंतर तो गॉझ मला दाखवला. जांभळाच्या सालीसारखे तीन-चार काळपट तुकडे आणि त्यांच्यात पांढरट-पिवळं काहीतरी, कुस्करलेल्या केळ्यासारखं. बापाच्या हृदयातून आलेली वस्तू स्टीलच्या वाटीत बघायला कसं वाटतं हे मला सांगता येणार नाही, मी फक्त विचारलं की हे सगळं आलं का, आणि ते म्हणाले, सगळं कधीच येत नाही.

मग फिल्टर उघडला, स्टेंट बसवला, आणि बसवल्या बसवल्या स्क्रीनवरचा प्रवाह मंदावला. आप्पांच्या छातीत कळ. आतल्या लोकांची धावपळ सुरू, ॲडेनोसिन काढा, नायट्रोप्रुसाइड काढा (बारीक नळ्या सैल करायला ही औषधं थेट शिरेत सोडतात), आणि त्या गडबडीत टेबलावरून आमचे आप्पा म्हणाले, "फिल्टर भरला आसंल." खरंच तेच होतं. जाळी कचऱ्याने भरली की रक्त अडतं, नळीने जाळीच्या अलीकडे साठलेला गाळ ओढून घेतला, छत्री मिटून बाहेर काढली आणि प्रवाह परत आला. कॅथलॅबच्या टेक्निशियनने ही गोष्ट वॉर्डभर सांगितली. आप्पा आठ दिवस हिरो.

आता एक गोष्ट जी मी आईसमोर अजून नीट बोललेली नाही. नोव्हेंबरमध्ये आप्पांनी दाढ काढली होती. तिथे त्यांना सांगितलं गेलं की रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा. ठेवली. परत सुरू करा असं कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि यांनी ऐकलं नसेल, देव जाणे, पण दोन महिने इकोस्प्रिनची, म्हणजे ॲस्पिरिनची, पट्टी जशीच्या तशी होती. कोलेस्टेरॉलची गोळी तर त्याआधीच सोडलेली, "लिव्हर खराब होतं" असा कुठलातरी फॉरवर्ड आला होता म्हणून. आम्ही तीन पोरं, तिघांनीही कधी औषधाचा डबा उघडून बघितला नाही. डॉक्टरांना विचारलं, यानेच झालं का. ते म्हणाले, बारा वर्षांच्या शिरेला निमित्त काहीही पुरतं, पण बायपासवाल्याची ॲस्पिरिन ही जन्माची असते, ऑपरेशननंतर पहिल्या सहा तासांत सुरू करतात ती उगाच नाही, आणि बंद करायची असेल तर हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं पण तसंच. शिरेत चरबी साठायचा वेग कोलेस्टेरॉल नीट खाली ठेवल्यावर कमी होतो हे १९९७ पासून माहीत आहे, त्याच ट्रायलमध्ये कमी डोसचं वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं दुसरं औषधही देऊन बघितलं होतं, त्याचा मात्र शिरेला काही उपयोग दिसला नाही.

वर्षभर चांगलं गेलं. आप्पा गोळ्या घेत होते, भावाने मोटरला मोबाइलवाला स्टार्टर बसवला, आणि आम्ही परत त्याच वाक्यावर आलो, स्टेंट टाकलाय, आता काय टेन्शन नाही.

मार्च २०२३, द्राक्ष तोडणी चालू, व्यापारी बांधावर, आणि आप्पांना चालताना दम. यावेळी रात्रीची कळ वगैरे काही नाही, नुसता दम आणि छाती जड. परत तेच हॉस्पिटल, यावेळी फाइल हातात. तीच शीर, तोच स्टेंट, तोंडापासून पूर्ण बंद. चौदा महिने टिकला.

मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. एवढा महागाचा औषधवाला स्टेंट (२०१७ साली सरकारने त्याच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा ती तीस हजारांच्या आत होती, पण ती मर्यादा स्टेंटची, फिल्टर आणि सक्शनची नळी तिच्यात येत नाही, आणि आमच्या मेडिक्लेमवाल्यांनी फिल्टरच्या बिलावर तीन वेळा क्वेरी काढली ती वेगळीच करमणूक) आणि चौदा महिन्यांत बंद? डॉक्टर म्हणाले, शिरेतल्या स्टेंटचं हेच दुखणं. २०१८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधून एक ट्रायल आली, ५९७ पेशंट, सगळ्यांच्या बायपासच्या शिरेत स्टेंट, अर्ध्यांना औषधवाला, अर्ध्यांना साधा. वर्षाच्या आत एकीकडे १७ टक्के आणि दुसरीकडे १९ टक्के लोकांचं परत काहीतरी बिघडलं, म्हणजे औषधाने जवळपास काहीच फरक नाही. मूळ धमनीत जो स्टेंट वर्षानुवर्षं छान चालतो तो शिरेत असा वागतो.

मग म्हणलं, परत ओढा गुठळी, परत फिल्टर लावा. तर ते म्हणाले, नाही. पूर्ण बंद होऊन बरेच दिवस झालेली शीर उघडायला जाऊच नये असं गाइडलाइनच सांगतात, गुठळी आता घट्ट झालेली, तुकडे जाण्याचा धोका, आणि उघडली तरी टिकण्याची खात्री नाही. दुसऱ्यांदा बायपास करायचं तर छातीचं हाड परत कापावं लागणार, आणि त्या हाडाच्या जवळूनच ती छातीतली चांगली धमनी जाते जिच्यावर सध्या सगळं चाललंय, तिला धक्का लागला तर होत्याचं नव्हतं. सत्तरीत, अशा किडनीवर, ते नको.

"मग?"

"आपण जुन्या धमनीकडे परत जाऊ."

मला क्षणभर कळेना. जी धमनी बुजली म्हणून बायपास केलं, तीच? हो, तीच. आणि गंमत अशी की बायपास झालं तेव्हा ती पूर्ण बंद नव्हती, नव्वद टक्के होती. शीर जोडल्यावर रक्त नव्या वाटेने जायला लागलं आणि जुनी वाट हळूहळू पूर्ण बंद झाली, हे बायपासनंतर बऱ्याच जणांचं होतं म्हणे. आप्पांना हे सांगायची गरजच पडली नाही. नवीन पाट काढला की जुन्या पाटात गवत उगवतं, त्यात नवीन काय, असा त्यांचा चेहरा.

दोन महिने औषधांवर ठेवलं, दम कमी झाला पण गेला नाही, आणि मे महिन्यात जुनी उजवी धमनी उघडायला घेतली. मनगटातून एक नळी, जांघेतून एक. पहिली तार कॅल्शियमला आपटून वाकली, दुसरी भिंतीत शिरायला लागली, चौथ्या की पाचव्या तारेने रस्ता सापडला. अडीच तास लागले. आधी एकेक फुगा फुगवत वाट रुंद केली, मग दोन लांब स्टेंट. गुठळी ओढणं नाही, फिल्टर नाही, कारण इथे लापशी नव्हती, दगड होता, आणि दगड पुढे वाहत जात नाही. हे वाक्य डॉक्टरांचं, पण मला ते इतकं पटलं की मी जावेला, नणंदेला, सोसायटीतल्या काकूंना, सगळ्यांना ऐकवलंय.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्या वेळीच जुनी धमनी का नाही उघडली, हा प्रश्न मला बरेच दिवस टोचला. विचारलाही. तेव्हा शीर चालू होती, ताजी गुठळी होती, तीन दिवसांपूर्वी अटॅक आलेला, किडनी डळमळीत, अशा वेळी अडीच तासांचं काम आणि तेवढा डाय झेपला नसता, तेव्हा तात्पुरतं मोकळं करणंच शहाणपणाचं होतं असं त्यांचं म्हणणं. मला ते आता पटतं. पण त्या चौदा महिन्यांत, तब्येत चांगली असताना, "ही शीर टिकणार नाही, पुढचं ठरवून ठेवू" असं कोणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, आम्ही विचारायला हवं होतं, आणि आम्ही मात्र पेढे वाटून मोकळे झालो.

बंद पडलेली शीर अजून आप्पांच्या छातीतच आहे, आत अडकलेल्या स्टेंटसकट. "ती काढत नाही का?" असं त्यांनी विचारलं होतं. नाही, राहू दे, काही त्रास देत नाही. बागेतही जुनी चोकअप लाइन कोणी उकरून काढत नाही, बाजूने नवी टाकतात, म्हणून हे त्यांना लगेच मान्य. काळजी त्यांना दुसऱ्या शिरेची आहे, डावीकडच्या. तिला पंधरावं वर्ष लागलंय, गेल्या चेकअपला डॉक्टर म्हणाले की सध्या लक्षणं नाहीत, तिला हात लावायचा नाही, उगाच चांगल्या चाललेल्या शिरेत शिरून लापशी ढवळायची नाही. आप्पा तिला दुसरी सबमेन म्हणतात आणि रोज सकाळी बांधाला दोन फेऱ्या मारून तिचं प्रेशर चेक करतात, असं त्यांचं म्हणणं.

फाइलच्या आता चार झेरॉक्स आहेत. एक माझ्याकडे, एक भावाच्या फोनमध्ये, एक आईच्या देवघराच्या खणात. चौथी आप्पांनी लॅमिनेट करून मोटरच्या खोलीत स्टार्टरशेजारी खिळ्याला टांगलीय, खाली मार्करने लिहिलंय, उजवी लाइन बंद, जुनी चालू केली, मे २३.

वायरमन आला होता मागे, तो बराच वेळ ते वाचत उभा होता आणि मग भावाला विचारलं, कुठल्या गटातली लाइन हो ही?